ऊन लागायच्या आधीची हवा

दर रविवारी सकाळी मी गाडीच्या टायरांची हवा बघते. अंगणात ऊन उतरायच्या आधी, चूळ भरली की लगेच, चहासुद्धा नंतर. गावात याची भरपूर थट्टा होते. मी उपकेंद्रावर नर्स आहे, त्यामुळे "सिस्टर आता टायरांचं पण बीपी बघाय लागली," हा विनोद चार-पाच वर्षं जुना झाला तरी लोकांना अजून ताजा वाटतो. मीही हसते. हसले नाही तर कुणीतरी विचारील की एवढं काय आहे त्यात, आणि काय आहे ते मी या वर्षापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं.

शहापूरहून सापगावचा पूल ओलांडून मुरबाडकडे जो रस्ता जातो, त्यावरून थोडं आत आमचं गाव आहे. घरात आता दोनच माणसं, मी आणि माझे सासरे. त्यांना सगळं गाव बाबा म्हणतं, मीही बाबाच म्हणते. आम्हाला मूल झालं नाही. सासू माझ्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली. नवरा गेला त्याला या दसऱ्याला पाच वर्षं झाली. तो गाडीत गेला, आणि तेव्हापासून बाबांनी भाताला हात लावलेला नाही. ज्या घरात दरवर्षी कणगी भरून भात येतो, त्या घरचा म्हातारा नाचणीच्या भाकरीवर दिवस काढतो. बाहेरच्यांना वाटतं, साखर असेल. साखर नाही, मी दर महिन्याला तपासते. बाबांना वाटतं की त्यांच्या तांदळानं त्यांचा मुलगा खाल्ला. तसं नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मी त्यांच्या ताटात भाकरी वाढत गप्प राहिले.

हवा बघायचं वेड मूळचं नवऱ्याचं. लग्नाआधी तो मुरबाड-कल्याण जीप चालवायचा. दहाच्या जागेत सतरा माणसं, टपावर भाजीच्या पाट्या आणि कोंबड्या. एकदा त्याचा टायर फुटला होता. कुणाला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून टायरच्या बाबतीत तो एखाद्या सोवळ्या म्हातारीसारखा झाला. पुढे तो मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला लागला, आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली आणि तिचे टायर घरातल्या माणसांत जमा झाले.

त्याच्याकडे हवा मोजायचं गेज होतं. तळहातात मावेल एवढं, गोल तबकडीचं, आत एक बारीक काटा. माझ्या बीपीच्या यंत्राची तबकडी आणि ते गेज शेजारी ठेवलं तर भावंडं वाटायची. रविवारी तो उकिडवा बसायचा, व्हॉल्व्हची टोपी काढून ओठांत धरायचा, गेज सरळ दाबायचा. नीट बसलं की फस्स आवाज येत नाही, आवाज आला म्हणजे हात वाकडा, हे त्यानं मला दहादा सांगितलं असेल. मग व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचा. हवा कमी असली तर पायाच्या पंपानं भरायचा. आणि मग टोपी ओठांतच ठेवून मोठ्यानं ओरडायचा, "तेहतीस!"

यावर मी चुलीपासून "बरं" म्हणायचं. नाही म्हटलं तर पुन्हा "तेहतीस!" चार चाकं आणि एक स्टेपनी, म्हणजे पाच वेळा बरं. माझं डोकं फिरायचं. तोंडावर मी त्याला तुमी म्हणायची आणि मनात तू. "अवो, मला कशाला सांगताय, टायरलाच सांगा ना," असं एकदा ओरडले, तर म्हणाला, "सांगितलेलं कोणतरी ऐकाय पायजे ना गो."

त्याचा दुसरा नेम असा की टायर थंड असतानाच हवा बघायची. गाडी चालून आली की टायर तापतो, आतली हवा फुगते, काटा वर जातो. तो आकडा खोटा, म्हणायचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा आकडा खरा. हे मी एका कानानं ऐकलं होतं. नवऱ्याची बरीचशी बोलणी बायका अशीच ऐकतात.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही कल्याणहून परत आलो. माझी नणंद मुरबाडच्या पुढच्या गावात दिलेली आहे. तिला मुलगी होऊन बारा दिवस झाले होते. बाळाचे कपडे, झेंडूची फुलं, पूजेचं सामान, सगळं भरून आणलं होतं. ऑक्टोबरची दुपार, रस्ता तव्यासारखा. त्यानं गाडी गोठ्याच्या भिंतीला लावली आणि तो आपट्याच्या फांद्या आणायला रानात गेला.

मला त्याला चकित करायचं होतं. उद्या सणाची गडबड, हा उठून हवा बघायला निघणार, तेव्हा आपण ऐटीत म्हणायचं, झालंय ते काम. एवढाच विचार होता, त्यात वाईट काही नव्हतं. गाऊन घातला होता, तशीच गेज घेऊन बसले. पुढच्या चाकाला लावलं तर एकोणचाळीस. पाहिजे तेहतीस आणि इथे एकोणचाळीस! दुसऱ्याला लावलं, तिथेही तेच. मी केसातली पिन काढून व्हॉल्व्हची सळी दाबली आणि जास्तीची हवा सोडून दिली. मोजलं, सोडली, मोजलं. तीन चाकं अशी तेहतीसवर आणली आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मागचं डावं चाक भिंतीकडे होतं. तिथे नीट बसायला जागा नव्हती, हात वाकडा जात होता. गेज बसेना. काटा एकदा चाळीस दाखवी, एकदा वीस, एकदा छत्तीस. मी सोडत गेले. किती सोडली ते सांगता येत नाही. शेवटी एकदा काटा तेहतीसच्या आसपास थांबला आणि तो खरा, असं मी ठरवून टाकलं. तेवढ्यात रस्त्यावरून "सिस्टर" अशी हाक आली. एक बाई तापलेलं पोर कडेवर घेऊन उभी होती. मी उठले आणि टोपी खिशात टाकली.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. कोयता, विळा, कुऱ्हाड, पहार, आणि ज्याचं पोट ज्याच्यावर चालतं ते. मी बीपीचं यंत्र ठेवायची, नवरा गेज ठेवायचा. एकदा हळदकुंकू वाहिलं की संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत पूजेतलं काही उचलायचं नाही. ही सासूची रीत. सासू गेल्यावर ती माझ्याकडे आली, आणि नव्या हवालदारासारखी मी ती सासूपेक्षा कडक चालवायची. दरवर्षी नवरा पहाटे हवा बघून मग गेज माझ्या हातात द्यायचा. त्या वर्षी ते माझ्याकडेच होतं. तो उठायच्या आधीच मी ते पाटावर मांडलं, फुलं वाहिली.

नणंदेकडे नवरा त्या सकाळीच एकटा जाणार होता. बाळंतिणीला जुना तांदूळ लागतो म्हणून बाबांनी गोणी काढल्या. तीन. नवरा म्हणाला, "बाबा, दोन बास. एक ऱ्हाऊ द्या, दिवाळीला नेतो." बाबा ऐकेनात. "पोरीच्या घरी दोन गोणी काय तोंडानं पाठवू? पयली नात हाय माझी." तिसरी गोणी बाबांनी स्वतः पाठीवर घेऊन मागच्या सीटवर टाकली. गाडी मागून बसली. टायर जरासा पसरलेला दिसत असेल तर तो भारानं पसरलाय असंच कुणालाही वाटलं असतं.

मग नवरा पूजेपाशी आला. "गेज दे जरा. भार हाय, मागं तीन-चार पौंड जास्त मारतो."

"हळदकुंकू वाहिलंय. आज नाय उचलायचं."

"दोन मिन्टं गो. देवाला कळायचं पण नाय."

"हवा बरोबर हाय. मी सांगते ना. निघा आता, ऊन होईल."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला. जीपवाल्यांची सवय म्हणून मागच्या उजव्या टायरला एक लाथ मारली, अंगठ्यानं दाबून बघितलं. डावा टायर भिंतीकडे होता. "येतो," म्हणाला आणि गेला.

लोकांना सांगायला रीत बरी पडते. खरं हे की रीत नसती तरी मी गेज दिलं नसतं. मला खात्री होती. मी मोजलेलं होतं, आणि मोजणं हेच माझं काम आहे, मला कोण शिकवणार? मीच हवा सोडून बरोबर केली हे त्याला सांगितलं नाही, कारण संध्याकाळी तो परत आला की मिरवायचं म्हणून राखून ठेवलं होतं.

दहाच्या सुमाराला फोन आला. मुरबाडच्या अलीकडे चिंचेच्या वळणावर मागचा डावा टायर फुटला आणि गाडी नाल्यात गेली. त्या अपघाताबद्दल यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

रात्री बायका मला घरात घेऊन आल्या तेव्हा पाटावर गेज तसंच होतं, काट्यावर झेंडूची पाकळी चिकटलेली. नवऱ्यानं ते नेलं असतं तर गाडीबरोबर तेही चुरडलं असतं. पण नेलं असतं तर ते चुरडायची वेळच आली नसती.

गाडी ओढून आणणाऱ्या मेकॅनिकनं टायरच्या चिंध्या उलटसुलट करून बघितल्या. बाबा आणि मी दोघेही तिथे उभे होतो. तो म्हणाला, "हवा कमी, त्यात वर गोणींचा भार. बाजूनं फाटलाय बघा." एवढंच एक वाक्य. बाबांनी त्यातला भार उचलला, मी हवा उचलली, आणि आम्ही दोघं एका शब्दानं न बोलता घरी आलो. त्या संध्याकाळी त्यांनी ताटातला भात बाजूला सारला. मला तेव्हाच बोलता आलं असतं.

तेराव्यानंतर कपडे धुताना गाऊनच्या खिशात ती टोपी सापडली. काळी, नखाएवढी. मी ती पुसली आणि कुंकवाच्या करंड्यात ठेवली. करंडा तसाही रिकामाच होता.

महिन्याभरानं कामावर गेले. पहिल्याच दिवशी वरच्या पाड्यावरचा एक म्हातारा चढउतार करून धापा टाकत आला आणि बीपी बघायला त्यानं हात पुढे केला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बसा पाच मिनिटं, बाबा. आत्ताच चालून आलात, आत्ता मोजलं तर जास्तच दाखवील." आणि माझा हात हवेत राहिला. अठरा वर्षं मी हे वाक्य रोज म्हणत होते. पाड्यापाड्यावर, झाडाखाली, शाळेच्या ओट्यावर. चालून आलेल्या माणसाला आधी बसवायचं, थंड होऊ द्यायचं, मगच मोजायचं. जे मी प्रत्येक म्हाताऱ्याला सांगितलं ते एका टायरसाठी मला सुचलं नाही. नवऱ्यानं तर शब्दांत सांगितलेलं होतं. त्या दिवशी मी संडासात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. नंतर बाहेर येऊन त्या म्हाताऱ्याचं बीपी घेतलं. पट्ट्यातली हवा सोडताना फस्स झालं. तो आवाज मला अजून दिवसातून वीस-पंचवीस वेळा ऐकावा लागतो, आणि त्यातला एकही आवाज मला नुसता पट्ट्याचा वाटत नाही.

इकडे चिंचेच्या वळणाला नाव पडलं. आधी कुणीतरी तिथे पांढऱ्या साडीतली बाई बघितली, मग दुसऱ्यालाही ती दिसली, मग ती गाडीला हात दाखवायला लागली. जीपवाले आता तिथे नारळ फोडतात, नवी गाडी असली तर लिंबू टाकून जातात. भगतानं बाबांना सांगितलं की जागा वाईट आहे, तुमचा पोरगा जागेनं नेला. बाबांनी त्याचं ऐकून घेतलं, कोंबडा दिला, आणि घरी येऊन पुन्हा भाकरीच खाल्ली. माझ्या कामाचा रस्ता तोच. लिंबं चुकवत गाडी नेताना मला त्या बाईचा राग येतो. जागा वाईट नव्हती. हवा कमी होती. ती बाई खरंच तिथे उभी असती तर मी तिचे पाय धरले असते, म्हटलं असतं, बये, तूच केलंस ना? एकदा हो म्हण.

दुसरी गाडी मी सहा महिन्यांनी घेतली. पाड्यांवर जायच्या वेळेला एसटी नसते, हे कारण सगळ्यांना पटलं. पहिल्या रविवारी गेज घेऊन अंगणात बसले. टोपी काढून नकळत ओठांत धरली. काटा थांबला आणि मागून, अगदी अंगणातून, "तेहतीस" असं ऐकू आलं. ओरडून नव्हे, बोलल्यासारखं. मी जागची हलले नाही. मी नर्स आहे, कानात काय काय ऐकू येतं आणि का येतं ते मला ठाऊक आहे. तरीही ते दर रविवारी येत राहिलं. कधी पहिल्या चाकाला, कधी तिसऱ्याला. मागच्या डाव्या चाकापाशी मात्र कधीच नाही. तिथे मी बसले की माझ्या मानेवरून कुणीतरी वाकून आकडा वाचतंय असं वाटतं, आणि ते काहीच बोलत नाही. मी वळून बघत नाही. कुणी असेल याची भीती नाही वाटत, कुणी नसेल याची वाटते.

या वर्षी भाद्रपदात बाबांना ताप आला. आठ दिवस उतरेना. शहापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मलाच झापलं, "सिस्टर, तुमच्या घरात माणूस इतका वाळतो कसा? पेज द्या, मऊ भात द्या." मी तांदळाची पेज केली. बाबांनी वासानंच तोंड फिरवलं. नाचणीची आंबील दिली ती घोटभर गेली, उलटून पडली. पाचव्या दिवशी दुपारी ताप चढलेला असताना मी त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "एक गोणी उतरव रे. उतरव. मी चुकलो. दोन बास." पुन्हा पुन्हा, कळवळून. मुलाशी बोलत होते. माझ्या हातातल्या पट्टीचं पाणी त्यांच्या कानात गेलं तरी मला भान नव्हतं.

ताप उतरल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ते ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. मी समोर खाली बसले आणि सांगून टाकलं. कल्याणहून आलो तिथपासून हवा बरोबर हाय म्हणाले तिथपर्यंत, काही न गाळता. रडले नाही. रडणं म्हणजे माफी मागणं झालं असतं, आणि मला माफी नको होती, मला फक्त त्यांनी भात खायला हवा होता. निदान मी स्वतःला तसं सांगितलं होतं. मनात दोनच गोष्टी धरल्या होत्या. एकतर ते मला घरातून जा म्हणतील, नाहीतर डोक्यावर हात ठेवतील.

त्यांनी यातलं काहीच केलं नाही. फक्त विचारलं, "ती टोपी कुठं हाय?"

मी करंडा आणला. त्यांनी टोपी तळहातावर घेतली, बोटानं उलटी केली, सुलटी केली.

"मंग माझ्या गोणी?"

"तुमच्या गोणीनं काय नाय झालं, बाबा. हवा असती तर तीन काय, चार गोणी गेल्या असत्या."

माझा समज होता की हे ऐकून त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल. पण आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले.

"तू कोण सांगनारी? पाच वरसं मी त्याच्यासंगं बोलतोय. भाकरी मोडली का बोलतोय, रे पोरा, माझी गोणी जड झाली तुला. तेवढंच बोलनं ऱ्हायलंय आमचं. आता तू ते पन काढून घेतंस?"

टोपी मुठीत घट्ट धरून ते आत गेले. माझं पाप मी त्यांच्यापासून लपवलं याची शिक्षा मिळेल असं वाटलं होतं. ते त्यांच्यापुढे ठेवलं याची मिळाली.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. घटस्थापना झाली, माळा चढल्या, तरी नाहीत. ताट ठेवलं की जेवायचे, भाकरीच. उठून गोठ्याकडे जायचे. रविवारी मी हवा बघायला बसले की ओटीवरच्या खाटेवरून माझ्याकडे बघत राहायचे. पूर्वी ते त्या वेळी मुद्दाम शेताकडे जायचे. अंगणातला तो दुसरा आवाजही बंद झाला. इतकी वर्षं ज्याच्याकडे वळूनही बघितलं नाही तो गेल्यावर घर इतकं मोकळं वाटलं की मला ते सोसेना. वाटलं, दोघांचं बोलणं मी एकदम तोडलं, त्यांचंही आणि माझंही.

दसऱ्याच्या पहाटे मी उठले तर ओटीवर दिवा होता. बाबांनी पाट मांडला होता. कोयता, विळा, कुऱ्हाड, पहार, सगळं धुऊन पुसून ओळीनं ठेवलं होतं. मधली चार वर्षं ही पूजा ते एकटे उरकून टाकायचे, मी ना बीपीचं यंत्र ठेवलं ना गेज. या वेळी पहारीच्या बाजूला दोन हत्यारांएवढी जागा रिकामी होती. मला बघून ते म्हणाले, "गेज आण."

एवढ्या दिवसांनी बोलले ते हे. मी आत गेले, गेज पदरानं पुसून आणलं आणि पाटावर ठेवायला वाकले.

"थितं नको. पूजा मागनं. आदी हवा बघ."

अंगण अजून गार होतं, पायाखाली दव लागत होतं. मी पुढच्या उजव्या चाकाशी बसले, टोपी काढली, गेज दाबलं. आवाज आला नाही. काटा थांबला. मी मनात वाचला आणि पुढच्या चाकाकडे निघाले, तर ओटीवरून प्रश्न आला, "किती?"

"तेहतीस," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांग. मला ऐकू येत नाय."

त्यांना चांगलं ऐकू येतं. मी मोठ्यानं सांगितलं. दुसरं सांगितलं, तिसरं सांगितलं. तिसऱ्याला एकतीस होती, पंप लावला, भरली, पुन्हा मोजली. ते खाटेवरून उठून ओटीच्या कडेला येऊन उभे होते. त्यांची उजवी मूठ मिटलेली होती, आणि तिच्यात काय आहे ते मला माहीत होतं. ती टोपी त्यांनी मला परत दिलेली नाही. भातही ते अजून खात नाहीत. मी वाढते, ते बाजूला करतात, आता मीही काही म्हणत नाही.

मी गेज घेऊन उठले. तीन चाकं झाली होती आणि माझे पाय पाटाकडे वळत होते.

"मागला डावा ऱ्हायला," बाबा म्हणाले.

मी तिथे जाऊन बसले. पहिल्यांदा गेज वाकडं बसलं आणि फस्स झालं. काढलं, पुन्हा लावलं. मानेवर कुणी वाकलंय असं वाटलं नाही. काटा हलला, थांबला. मी तो दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचला. मग तोंड वर करून, घरातल्या मागच्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, "तेहतीस!"

कोंबड्या खुराड्यात फडफडल्या.

"बरं," बाबा म्हणाले.